ट्यूबावाल्याची चूक

"ताई, आवाज जरा वाढवता का?"

दातांच्या दवाखान्यात असं कुणी म्हणत नाही. माणसं एकतर "अजून किती वेळ?" विचारतात, नाहीतर गालाला हात लावून गप्प बसतात. काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. सहा वर्षं त्या रोज हीच सीडी लावत होत्या: पितळी वाद्यांच्या बँडचा, एकही गाणारा नसलेला, गुळगुळीत अल्बम. आतल्या ड्रिलचा आवाज झाकला जावा, एवढंच त्याचं काम.

"आवडतं वाटतं, आजोबा?"

"आवडायचं काय? मी आहे ना त्यात!"

भीतीनं भल्याभल्यांचं डोकं फिरतं, हे बाईंना ठाऊक होतं. पण चौकसपणा हा त्यांचा जुनाच आजार. त्यांनी खणातून कव्हर शोधून काढलं. चोवीस गणवेशवाले दात दाखवत होते.

"मागच्या रांगेत बघा. ट्यूबाच्या, त्या सगळ्यात मोठ्या भोंग्याच्या आडून कान दिसतोय ना? तो माझा."

बाईंनी फोटोतला कान बघितला, मग समोरचा. शंकेला जागाच नव्हती.

"पण ट्यूबा कुठे ऐकू येतो?"

"तळाशी असतो तो. तिसरी धून लावा, सांगतो. तिथे मी सोळा मात्रा मोजत गप्प बसायचं, मग फुंकायचं. रेकॉर्डिंगच्या दिवशी बायको बाळंतपणाला गेलेली. लक्ष थाऱ्यावर नव्हतं. पंधरावरच फुंकलं!"

बाईंनी तिसरी धून लावली. सगळी वाद्यं थांबली आणि त्या शांततेत एकच जाडजूड 'पों' उमटला. बाईंना हसू आवरेना. रोज कानावर पडूनही तो त्यांना आजच ऐकू आला होता.

"बँडमास्तर ओरडले असतील!"

"चांगली खरडपट्टी काढली. मग म्हणाले, राहू दे, गोड लागतंय. तेव्हापासून ती चूक मोजूनमापून वाजवतोय. अजूनही, दर रविवारी बागेत."

"आणि आज इथे?"

म्हातारबुवांनी वरच्या पुढच्या दोन दातांवरून जीभ फिरवली. "हे काढायची तारीख दोनदा पुढे ढकलली. डॉक्टर म्हणाले, आता नाही चालायचं. फुंकताना ओठ यांच्यावर टेकतो हो. कवळीवर दम धरत नाही, करून बघितलंय आमच्यातल्या एकानं."

तेवढ्यात आतून हाक आली.

अर्ध्या तासानं ते बाहेर आले. तोंडात कापूस आणि हातात कागदाच्या पुडीत दोन दात. बाईंनी न विचारता तिसरी धून पुन्हा लावली. ते खुर्चीच्या काठावर टेकले. वाद्यं चढत गेली, तशी त्यांची बोटं गुडघ्यावर मोजू लागली. तेरा. चौदा. पंधराला गाल फुगले, ओठ आवळले, कापूस थोडा सरकला.

'पों' स्पीकरमधून आला, अगदी वेळेवर.

म्हातारबुवांनी कापूस बोटानं नीट बसवला, बाईंकडे बघून "बरोबर" अशी मान हलवली आणि पुडी खिशात ठेवून ते दाराकडे निघाले.