चंद्रमतीबाईंचा घरगुती गोलू

तंजावरच्या मेल वीथीत चंद्रमतीबाईंच्या घरी १९९४च्या ऑगस्टात रंगीत टीव्ही आला आणि सप्टेंबरात काटकसर आली.

टीव्ही हप्त्यांवर घेतलेला. जयतीर्थराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क, पगार ठरलेला, म्हणजे कुठेतरी हात आखडायलाच हवा होता. त्यांची हॉटेलातली चार वाजताची कॉफी बंद करावी असं एकदा निघालं, पण जयतीर्थरावांनी पेपरातून डोकंच वर काढलं नाही. घरच्या कॉफीची पूड जरा हलकी आणावी असंही निघालं, पण ती कॉफी चंद्रमतीबाई स्वतः पीत. मग नवरात्र उरलं.

नवरात्रात घरात पायऱ्या रचून बाहुल्यांचा गोलू मांडायचा, संध्याकाळी बायकांना बोलवायचं, हळदकुंकू, वाटीभर सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ, विडा, नारळ आणि ब्लाऊजपीस देऊन पाठवायचं, हे त्यांच्याकडे सासूच्या सासूपासून चालत आलेलं. दर वर्षी दोन-चार नव्या बाहुल्या घ्याव्या लागत. जुन्यांपैकी निम्म्या गेल्या वर्षी माळ्यावरून पडून फुटल्या होत्या, म्हणजे यंदा खर्च मोठाच होता. अशात नव्या टीव्हीवर दुपारच्या कार्यक्रमात एक बाई दुधाच्या पिशवीचा हंस करताना दिसली. चंद्रमतीबाईंनी तो हंस शेवटपर्यंत पाहिला आणि त्याच दुपारी लेकीला सांगितलं, "दिव्या, यंदा अस्कं घरीच करायचं. बाहुल्या, वाण, सगळं. विकत काही नको."

दिव्यश्रीचं बी.एस्सी. नुकतंच झालं होतं आणि तिरुवैयारूच्या एका स्थळाशी बोलणं चाललं होतं. "मला येत नाही," ती म्हणाली.

"त्यात काय यायचंय? राजमला येतं, तर आपल्याला नाही येणार?"

राजम गावातल्याच कीळवासल भागातली. तिच्या घरी तीन पिढ्या बाहुल्या करीत. नवरात्राच्या आधी ती डोक्यावर टोपली घेऊन मेल वीथीत दारोदार यायची, आणि चंद्रमतीबाई अर्धा तास घासाघीस करून बारा रुपयांची बाहुली सातला घ्यायच्या. वीस वर्षं हेच चाललं होतं. यंदा राजमने ओट्यावर टोपली उतरवली तेव्हा चंद्रमतीबाईंनी एकाही बाहुलीला हात लावला नाही. उलट तिला कॉफी दिली. राजमला संशय आलाच.

"राजम, ती कागदाची लगदी कशी करतेस गं? सहज विचारते."

राजमने कॉफी संपवली, मग सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही. कागद तीन दिवस भिजवायचा, कुटायचा, पिळायचा. चिंचोक्याची खळ करायची, त्यात मोरचूद घालायचा. थर वाळल्याशिवाय दुसरा थर द्यायचा नाही.

"मोरचूद कशाला?"

"नाहीतर कीड लागते अम्मा, बुरशी येते."

"बरं," चंद्रमतीबाई म्हणाल्या. मोरचूद विकत आणावा लागतो. चिंचोके घरात होते.

राजम टोपली उचलून गेली. त्या दिवशी मेल वीथीत तिचं काहीच खपलं नाही, कारण तोवर चंद्रमतीबाईंचा बेत चार घरी पोचला होता.

पुढचे दहा दिवस घराला चिंचोक्याचा आणि ओल्या कागदाचा वास येत राहिला. जयतीर्थराव कचेरीतून गेलेले बल्ब पिशवीत घालून आणत. हेडक्लार्कने रोज बल्ब का न्यावेत, हे शिपायाला कळेना. दिव्यश्री लगदी तिंबायची आणि चंद्रमतीबाई अवतार घडवायच्या. मत्स्य आणि कूर्म बरे निघाले, कारण त्यांना चेहरा फारसा लागत नाही. वराह घुशीसारखा झाला. नरसिंह मात्र खरोखर भीतिदायक निघाला, त्यामुळे तो सर्वांत यशस्वी ठरला. घाई इतकी की थर वाळायची वाट कोण पाहणार? राम-लक्ष्मण-सीता ओलेच रंगवले आणि पायरीवर चढवले.

ब्लाऊजपीसच्या जागी बल्बचे राघू. एकेक बल्ब हिरवा रंगवायचा, लाल चिंधीची चोच चिकटवायची. असे एक्केचाळीस झाले.

पहिल्या संध्याकाळी शेजारच्या हिराबाई आल्या. त्यांच्या यजमानांचं कापडाचं दुकान. त्यांच्याबरोबर नात्यातल्या वेंकूबाई, वय सत्तर, डोळे अधू आणि जीभ शाबूत.

"अय्यय्यो, किती सुंदर!" हिराबाई म्हणाल्या. "अस्कं घरचं?"

"अस्कं घरचं! एक पैसा खर्च नाही."

वेंकूबाईंनी हातातला राघू उलटासुलटा करून पाहिला. "हे काय गं चंद्रमती? वांगं?"

"राघू आहे मावशी."

"असं होय. माझ्या डोळ्यांना आताशा नीट दिसत नाही," म्हणत त्यांनी तो पिशवीत टाकला. पण जाता जाता ओट्यावरून त्यांचा आवाज आत आला, "आणि ब्लाऊजपीस? ते कधी देणार?"

चंद्रमतीबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकूण संध्याकाळ चांगली गेली. जी ती कौतुक करीत होती, आणि करताना प्रत्येकीच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक येत होती. ती कौतुकाची नव्हती, हे तिसऱ्या दिवशी समजलं.

तिसऱ्या दिवशी चंद्रमतीबाई हळदकुंकवाला हिराबाईंकडे गेल्या. निघताना हिराबाईंनी त्यांच्या ओटीत विडा, एक केळं आणि दुधाच्या पिशव्या कापून विणलेलं पाकीट घातलं. पाकिटाला आंबूस वास येत होता.

"तुमच्याकडचंच पाहून सुचलं," हिराबाई गोड हसून म्हणाल्या.

चौथ्या दिवशी आइस्क्रीमच्या काड्यांचा पंखा मिळाला, पाचव्या दिवशी नारळाच्या करवंटीची राखदाणी, तीही ज्या घरात कुणी विडीला शिवत नाही अशा घरातून. सहाव्या दिवशी लग्नपत्रिका कापून केलेला गणपती आला. त्याच्या पोटावर कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त अजून वाचता येत होता.

"कापडाचं दुकान आहे हो त्यांचं!" चंद्रमतीबाई घरी येऊन जयतीर्थरावांपुढे फणफणल्या. "गज गज कापड पडलेलं असतं, आणि मला दुधाची पिशवी!"

"तू बल्ब दिलास ना," जयतीर्थराव म्हणाले.

"आम्ही हप्ते फेडतोय. त्यांना काय धाड भरली आहे?"

दर नवरात्रात त्यांना पंचवीस-तीस ब्लाऊजपीस मिळत आणि वर्षभराच्या साऱ्या देण्याघेण्याला तेच पुरत. तो साठा यंदा शून्यावर होता, आणि त्याला कारण कोण हे त्यांना उमगायला आणखी एक दिवस लागला. उमगल्यावरही त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी दिव्यश्रीने हाक मारली, "आई, रामाला काहीतरी झालंय."

राम मुळात सावळा, म्हणून दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण सीताही हिरवी झाली होती. लक्ष्मणाच्या मुकुटावर पांढरी लव उगवली होती. वराहाला हात लावला तर बोट आत गेलं, आणि नरसिंहाच्या जबड्यातून बारीक किडे ओळीने बाहेर पडत होते. देवासमोर नाक धरायची वेळ आली. जयतीर्थराव अंघोळ करून आले आणि पूजा बाहेरच्या खोलीतूनच करून परत गेले.

त्याच दुपारी तिरुवैयारूहून निरोप आला. मुलाची आई, जयलक्ष्मीबाई, सरस्वतीपूजेच्या दिवशी मुलीला बघायला येणार. गोलूही बघणार.

चंद्रमतीबाईंनी सगळे अवतार गोणपाटात भरून परसात टाकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलरिक्षा करून कीळवासलला गेल्या. वीस वर्षांत राजमच्या घरी त्या पहिल्यांदाच जात होत्या. घर विचारत विचारत त्या अंगणात शिरल्या आणि जागीच थबकल्या.

अंगणात चटया अंथरलेल्या होत्या. मेल वीथीतल्या नऊ-दहा जणी पदर खोचून लगदी तिंबत बसल्या होत्या. मधोमध हिराबाई. भिंतीला टेकून वेंकूबाई, त्यांच्या मांडीवर अर्धवट झालेला हत्ती. प्रत्येकीजवळ राजमच्या घरची कॉफी होती. हिराबाईंनी चंद्रमतीबाईंना पाहिलं, आणि त्यांचा हात लगदीत तसाच राहिला. पहिल्यांदा बोलल्या त्या वेंकूबाईच.

"ये गं. शिकायला आलीस? पन्नास रुपये दहा दिवसांचे. आधी द्यावे लागतात."

राजम आतून आली. "या अम्मा. यांना तुमच्यासारखंच घरी करायचं होतं. म्हणाल्या, जमत नाही, शिकव. म्हटलं, शिकवते."

"पन्नास रुपये घेऊन?" चंद्रमतीबाईंच्या तोंडून निघून गेलं. "मला तर तू फुकट सांगितलंस!"

"तुम्हाला फुकट सांगितलं," राजम म्हणाली. "मोरचूद घातलात?"

चंद्रमतीबाईंनी तिला बाजूला घेतलं आणि दशावतार मागितला, उद्याच्या उद्या. राजमच्या बाहुल्या यंदा मद्रासचा एक व्यापारी घेऊन गेला होता, परदेशी पाठवायला. एकच दशावतार घरात उरला होता. किंमत तीनशे.

"दीडशेला दे," चंद्रमतीबाई सवयीने म्हणाल्या.

"व्यापारी अडीचशे देत होता, त्याला नाही दिला. तुम्हाला पाहिजे तर न्या, नाहीतर राहू दे."

चटयांवरचं तिंबणं थांबलं होतं. सगळ्या जणी माना खाली घालून ऐकत होत्या. चंद्रमतीबाईंनी पिशवीतून तीनशे काढले. त्यात टीव्हीचा हप्ता होता.

सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी जयलक्ष्मीबाई आल्या. बाई धीम्या, बोलायला मऊ, सगळं बारकाईने बघणाऱ्या. नेमक्या त्याच वेळी हिराबाईही हळदकुंकवाला येऊन बसल्या. जयलक्ष्मीबाईंनी वामन उचलून पाहिला. "किती रेखीव! कुठून घेतल्या?"

चंद्रमतीबाईंनी हिराबाईंकडे पाहिलंही नाही. "घेतल्या कुठल्या! दिव्याने केल्या. आमच्याकडे अस्कं घरचंच असतं."

दिव्यश्रीने मान वर करून आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. आता हिराबाई बोलणार.

हिराबाई बोलल्याच. "हो तर! मुलीच्या हातात जादू आहे. तुमच्याकडे आली ना, की लग्नाची अख्खी वरात करून आणेल. नवरा-नवरी, नागस्वरमवाले वाजंत्री, आचारी, पंचवीस बाहुल्या. हो ना गं दिव्या?"

"खरंच?" जयलक्ष्मीबाईंचा चेहरा उजळला. "मग आम्हाला बाकी काही नको. चांदीची भांडी वगैरे आम्ही मागतच नाही, उगाच खर्च. एवढी वरात मुलीने आपल्या हातांनी करावी. आमच्या गोलूत वरात नाही."

लग्न त्या बैठकीतच ठरलं. जयतीर्थरावांना आनंद झाला, कारण चांदी वाचली. चंद्रमतीबाई हसत हसत सुंडल वाढत होत्या आणि मनात पंचवीस गुणिले राजमचा भाव करीत होत्या.

पाहुण्या गेल्यावर दिव्यश्री एवढंच म्हणाली, "विकत आणून खोटं बोलणार असशील, तर मी तिरुवैयारूला पत्र लिहीन. नाहीतर मी शिकते."

विजयादशमीला, नवी विद्या सुरू करण्याच्या त्या चांगल्या दिवशी, मायलेकी कीळवासलला गेल्या. राजमने पन्नास रुपये मोजून घेतले, दिव्यश्रीला चटईवर बसवलं आणि तिच्यापुढे भिजलेल्या कागदाचं घमेलं ठेवलं. पहिल्याच दिवशी तिने केलेलं नवरीचं डोकं तीनदा मोडून पुन्हा करायला लावलं. दिव्यश्रीने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. चौथ्या खेपेला राजम "हं" म्हणाली आणि दिव्यश्री मनापासून हसली.

अंगणात चटईवर जागा होती. वेंकूबाईंनी सरकून हाकही मारली होती. पण हिराबाई आत असल्यामुळे चंद्रमतीबाई दोन तास बाहेर उन्हात छत्री धरून उभ्या राहिल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या की त्या रिक्षाची वाट बघताहेत.