काचेवरचा एकोणीस

"बॉनेट उघड," कॅझ म्हणाला.

विमानतळापासून इथपर्यंत तो बोलला ते एवढंच. सबंध रस्ता खिडकीबाहेरच्या मक्याच्या शेतांकडे बघत बसला होता, आणि भावाच्या त्या गप्पपणाचा अर्थ लुडविनाला पहिल्या वळणापासून ठाऊक होता. साठ वर्षांची स्टेशन वॅगन किल्ली फिरवल्याबरोबर चालू होते, ना खोकला, ना धूर, आणि हे कॅझला कळणार नाही असं कसं होईल? याच गाडीवर तो चालवायला शिकला होता.

ती दोघं शर्यतीच्या पट्टीपाशी उभी होती. दर शनिवारी दुपारी इथं अमेरिकेतल्या या टोलेडो शहराच्या आसपासची माणसं आपापल्या गाड्या घेऊन यायची. कोणी रंग मिरवायला, कोणी वेग दाखवायला, बरीचशी नुसती गप्पा छाटायला. आजूबाजूला वीसेक बॉनेटं उघडीच होती. लुडविनानं आपलंही उघडलं. पंचाहत्तरी गाठली तरी तिचे हात थरथरत नसत, आणि याचा तिला मनातून फार अभिमान होता.

आत बाबांच्या वेळचं ते काळं, तेलकट, धुडासारखं इंजिन नव्हतं. त्याच्या जागी ॲल्युमिनियमचं नवंकोरं इंजिन चकाकत होतं. नळ्या, तारा सगळं नीट बांधलेलं, आणि कडेला पेट्रोलचा हिशेब ठेवणारी कॉम्प्युटरची डबी.

कॅझनं काठीवर भार टाकून वाकून पाहिलं.

"कार्ब्युरेटर कुठाय?"

"फळीवर. पुसून कापडात गुंडाळून ठेवलाय."

"गिअरबॉक्स?"

"नवा."

"ब्रेक?"

"चारही नवे. जुन्या ब्रेकवर थांबवायची म्हणजे आधी प्रार्थना म्हणावी लागायची, विसरलास?"

"म्हणायचो ना प्रार्थना," कॅझ म्हणाला. "थांबायची ना गाडी?"

त्यानं स्वतःच बॉनेट आपटून बंद केलं.

ही फिकट हिरवी शेव्हर्ले बाबांनी त्रेसष्ट साली घेतली तेव्हा सगळी गल्ली बघायला आली होती. काचेच्या कारखान्यात भट्टीवर काम करणारा पोलिश माणूस, पाच पोरं, आणि नवी कोरी अमेरिकन वॅगन! रविवारी चर्चला जाताना आई हातमोजे घालून पुढं बसायची आणि शेजाऱ्यांना ओळख द्यायची ती जरा हात राखूनच. पाच भावंडांतली आता ही दोघंच उरली होती. बाबांनी जाण्याआधी दोघांना पलंगापाशी बोलावून सांगितलं होतं: गाडी दोघांची. एकमेकांना विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. दोघांनी शब्द दिला होता.

कॅझ ॲरिझोनात स्थायिक झाला. दर रविवारी त्याचा फोन यायचा, आणि बहिणीच्या गुडघ्याआधी तो गाडीची विचारपूस करायचा. "बरी आहे ना?" "मस्त आहे," लुडविना सांगायची. गेली दोन वर्षं ती हेच सांगत होती, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

"तू मला विचारलं नाहीस, लुडी."

"नाही विचारलं."

"का?"

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणजे माहीत होतं तुला!"

"चांगलं माहीत होतं. म्हणून तर विचारलं नाही."

कॅझचा चेहरा लाल झाला. आवाज मात्र त्यानं चढवला नाही. त्यांच्या घरात फक्त आईचा आवाज चढायचा.

"सोमवारी ट्रेलर बोलावतो," तो म्हणाला. "गाडी माझ्याबरोबर चालली. शब्द तू मोडलास, तेव्हा आता ती माझ्याकडे राहील. हे सगळं उपटून टाकून जुनं परत बसवून घेईन. तिकडं आहेत माणसं तशी."

तो बोलतो ते करतो, हे लुडविनाला माहीत होतं. कारण ती त्याचीच बहीण होती.

तिनं तीस वर्षं काउंटीच्या शाळांच्या बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या. आधी धुवायला म्हणून ठेवली होती तिला. मग एका हिवाळ्यात मेकॅनिक आजारी पडला आणि बादली बाजूला ठेवून तिनं पाना उचलला, तो निवृत्त होईपर्यंत खाली ठेवला नाही. थंडीनं डिझेल गोठायचं तेव्हाही तिच्या बसगाड्या वेळेवर निघायच्या. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, गुडघा धरला. मग एक दिवस तिनं वॅगनखाली सरपटत जाऊन सांगाड्याला पेचकस लावून पाहिला, तर तो केकमध्ये सुरी जावी तसा आत गेला. सगळं गंजलेलं. आता एक तर गाडी चादरीखाली झाकून ठेवायची आणि आल्यागेल्याला चादर उचलून दाखवायची, नाहीतर तिला पुन्हा रस्त्यावर आणायची. लुडविनाला चादर पटली नाही. आयुष्यभर तिनं ज्या गाड्यांना हात लावला त्या दुसऱ्या दिवशी चालण्यासाठी.

"ने," ती म्हणाली. "पण आजच्या शर्यतीत नाव दिलंय मी. एक फेरी मारते, मग काय करायचं ते कर. काहीतरी खायला आणते. तू उपाशी असलास की आणखीच हट्टी होतोस."

"मी हट्टी?"

"नाही रे बाबा, मी!"

ती किल्बासाची, म्हणजे पोलिश सॉसेजची, दोन सँडविचं घेऊन परतली, तर ऑर्विल टीग पोट धरून हसत होता. हा बसगॅरेजमधला तिचा जुना सोबती. आजची तिची फेरी त्याच्याच पिकअपशी होती.

"लुडे, बघ, बघ तुझ्या भावानं काय दिवे लावलेत!"

इथल्या शर्यतीचा नियम नवख्याला उलटाच वाटतो. आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत कापेल, ते आधी काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशनं लिहायचं. ज्याचा आकडा मोठा, त्या हळू गाडीला दोन आकड्यांतल्या फरकाएवढं आधी सोडतात, आणि रेषेवर आधी पोचेल तो जिंकतो. पण आपण लिहिल्याहून लवकर पोचलो, तर हरलो. आपल्या गाडीला आपण किती ओळखतो, याचीच परीक्षा ती. ऑर्विलच्या काचेवर तेरा होता. लुडविनाची गाडी नव्या इंजिनावर बारा सेकंदांत जायची.

वॅगनच्या काचेवर कॅझनं ठसठशीत एकोणीस लिहिला होता. पॉलिशची बाटली अजून त्याच्या हातात होती.

"हे काय?" तिनं विचारलं.

"पासष्ट साली आपण बाबांना न सांगता हिला इथं आणली होती. तू शेजारी बसली होतीस, किंचाळत होतीस. तेव्हा एकोणीस लागले होते."

"मी नव्हते किंचाळत."

"मीच किंचाळत असेन मग. बाबांची गाडी एकोणीसची, लुडी. ही तीच आहे म्हणतेस ना? मग धाव एकोणीसात."

ऑर्विलनं खिशातून फडकं काढून तिच्यापुढं धरलं. "पूस आणि बारा लिही. अजून वेळ आहे."

लुडविनानं फडकं घेतलं आणि हाताला लागलेला सँडविचचा मोहरीचा सॉस पुसला. काच तशीच राहू दिली.

ती गाडीत बसली. रांग पुढं सरकत होती आणि तिच्या मनात एक फार सोपी गोष्ट आली. पाय हलका ठेवायचा. चर्चला निघाल्यासारखं जायचं, रेषेपाशी आणखी हळू व्हायचं आणि बरोबर एकोणीस सेकंदांनी ओलांडायची. तीस वर्षं बसगाड्या हाकलून बघितलेल्या बाईला एवढं कठीण नव्हतं. ऑर्विल हरेल. कॅझला वाटेल, आत काही का असेना, गाडी बाबांचीच. त्याचे डोळे भरतील. ट्रेलरचं नाव निघणार नाही. भावाला कसं वळवायचं, हे धाकट्या बहिणीला वेगळं शिकवावं लागत नाही.

कुंपणाशी कॅझ काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. पांढरा शर्ट, पांढरे केस, उन्हात डोळे बारीक केलेले. विमानात चार तास बसून आला होता बिचारा.

फोनवर दोन वर्षं तिनं त्याला ना धड खोटं, ना धड खरं असं सांगून झुलवत ठेवलं होतं. आता पुन्हा तेच करायचं, तेही गाडीच्या तोंडून?

दिवा हिरवा झाला आणि लुडविनानं पाय पार तळाला टेकवला.

वॅगननं आधी मागची चाकं दाबली, नाक उचललं आणि मग अशी सुटली की तिची पाठ सीटला चिकटली. इंजिनाचा आवाज मक्यावरून पार पलीकडच्या गावापर्यंत गेला असेल. ऑर्विल अजून आपल्या दिव्याची वाट बघत होता. तो जेमतेम अर्ध्या वाटेवर आला, तोवर ही रेषा ओलांडून गेली होती. फलकावर बाराच्या पुढचा आकडा लागला आणि त्याखाली हरल्याचा लाल दिवा. ध्वनिक्षेपकावरचा माणूस म्हणाला, "बाई हरल्या, मंडळी! पण गाडीला एवढ्यात सांगू नका!" बाकांवरची माणसं उठून टाळ्या वाजवत होती.

ती बाजूच्या रस्त्यानं सावकाश परत आली आणि कॅझजवळ थांबली. काच खाली केली.

"हरलीस," तो म्हणाला.

"हरले."

"हळू जाता आलं असतं तुला."

"आलं असतं."

"मी फसलो असतो."

"माहितीये. म्हणूनच नाही गेले. ही बाबांची जुनी गाडी नाही, कॅझ. ती गंजून मेली. मी तिला हात लावला तेव्हा अर्धी मेलीच होती. ही मी बांधलीय. न्यायची तर ही ने, पण हिला तोडू नकोस. चालती गाडी आहे रे."

काठी बगलेत धरून कॅझनं छपरावर हात ठेवला. छप्पर उन्हानं तापलं होतं, तरी त्यानं हात काढला नाही.

"बाबा असते तर?" त्यानं शेवटी विचारलं.

"शिव्या घातल्या असत्या. मग किल्ली मागितली असती."

तो हसला. जेवढं हसू त्याला आवरता आलं नाही, तेवढंच.

"घरी चल," तो म्हणाला.

तिनं पुढचं दार उघडायला हात लांबवला, पण तो त्या दारापाशी थांबलाच नाही. काठी टेकत तो गाडीच्या मागं गेला. तिथं, मागच्या दाराकडे तोंड केलेली एक सीट असते. भावंडांत सगळ्यात धाकटी लुडविना, म्हणून ती जागा तिची. कॅझ थोरला, त्यानं तिथं बसल्याचं तिला कधी आठवत नव्हतं. त्यानं दार खाली पाडलं, मागोमाग येऊन पोचलेल्या ऑर्विलचा हात धरून कण्हत कण्हत चढला आणि पाय दुमडून बसला.

"अरे, तिथं कुठं? पाठ धरेल!"

"धरू दे. इथलं काही बदललं नाहीस ना?"

"नाही."

"मग झालं," कॅझ म्हणाला. "पुढचं तू बघ."

लुडविनानं गाडी रस्त्याला घातली. आरशात पाहिलं तर भावाचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होतं फक्त पांढरं डोकं, खड्ड्यांबरोबर हलकेच डोलणारं, आणि त्यापलीकडे मागं मागं जाणारा रस्ता.