काळ्या तेलावर पेटलेला बॉयलर

मी हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या जिनिंग मिलचा बॉयलर बोलतोय. आता माझ्यात वाफ नाही. थंड लोखंडाला जेवढं बोलता येतं, तेवढंच बोलतोय.

हणमंत माझा फायरमन. कोळसा टाकताना म्हणायचा, "खा रे अप्पा, पोटभर खा." त्याची बायको भागीरथी आत इतर बायकांबरोबर कापूस निवडायची.

लढाई पेटली आणि रेल्वेने कोळशाच्या वाघिणी यायच्या थांबल्या. मालक विठ्ठलराव मान खाली घालून म्हणाले, "हणमंता, मिल बंद करावी लागणार. बायकांना तूच सांग."

त्याला ते सांगवेना. शेजारच्या मोटार कारखान्यातलं वापरून काळं झालेलं तेल रोज ओढ्यात ओतत. तिथलं पाणी जनावरंही हुंगून सोडत. हणमंत मालकांना म्हणाला, "अण्णा, ते तेल मला आणून द्या. जाळून बघतो."

नळी बसवली. वाफेच्या झोताबरोबर तेल माझ्या पोटात फवारलं जाऊ लागलं. धूर काळाकुट्ट, वास उग्र. पण यंत्रांचे पट्टे फिरले, बायका कामावर राहिल्या. ओढाही निवळत चालला. हणमंताला कोण आनंद!

पावसाळ्यात उघड्यावरच्या तेलाच्या पिंपांत पाणी शिरलं. पाणी मिसळलेलं तेल आलं आणि जाळ विझला. मागून तेल मात्र येतच राहिलं. भट्टीतल्या तापलेल्या विटांवर पडून त्याचा धूर आत कोंडला. मला कळत होतं, पण माझ्या शिट्टीची दोरी हणमंताच्याच हातात. काय झालं ते बघायला त्याने दार उघडलं, आणि माझ्या तोंडून आगीचा लोळ निघाला, थेट त्याच्या चेहऱ्यावर.

भागीरथी धावत आली. "अहो, डोळे उघडा की!"

"उघडेच आहेत गं," तो म्हणाला.

त्यानंतर तेल जाळायला कुणी धजेना. मिलला कुलूप लागलं. बायका पांगल्या. काळं तेल पुन्हा ओढ्यात जाऊ लागलं.

घरी भागीरथी त्याला सांगत राहिली, मिल चालू आहे. एके दिवशी तो हट्टालाच पेटला, "मला बॉयलरपाशी ने." तिने पुष्कळ टाळलं. शेवटी हात धरून घेऊन आली.

त्याने माझ्या पत्र्यावर तळवा टेकला. पत्रा थंडगार होता. भागीरथी तोंडात पदर कोंबून रडत होती.

"चल, घरी जाऊ," एवढंच तो म्हणाला.

मला मोडून न्यायला भंगारवाला यायचा आहे. बाबांनो, त्याला लवकर पाठवा.