खोक्यावरची चांदणी

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. निदान मला तसं वाटतं. छातीठोकपणे सांगा म्हणाल तर जमणार नाही, कारण माझ्याबद्दल माझ्या खोक्यावर एक लिहिलं होतं, दुकानदाराने दुसरंच सांगितलं, आणि मला उघडून बघणाऱ्या दुरुस्तीवाल्या बाई तिसरंच सांगून गेल्या. यातलं खरं कोणतं, या घोळात माझं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं शिलाई मशिनांच्या या दुकानात, फळीवर धूळ खात चाललं आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. चष्मेवाल्या एका बाईंनी माझे स्क्रू आवळले. शेवटी एक स्क्रू उरला, तो त्यांनी खिशात टाकला. तो माझा होता की शेजारच्याचा, हे मला अजून कळलेलं नाही. मग मला खोक्यात घातलं. खोक्यावर रंगीत चित्र होतं. एक गृहस्थ आरामखुर्चीत रेलून, हात डोक्यामागे घेऊन बोलत आहेत आणि समोर माझ्या पडद्यावर ओळीच्या ओळी उमटत आहेत. वर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, ‘तुम्ही बोला, मी लिहितो!’ या वाक्याच्या शेवटी एक बारीक चांदणी होती. मला ती नक्षी वाटली. स्वतःबद्दल एवढं छापून आल्यावर कोण कशाला नाही म्हणेल? मीही मान्य केलं, की बरं, मी लिहितो.

दुकानात मला काचेमागे ठेवलं होतं. तिथे एके दिवशी एक मिस्त्री आले. शिलाई मशीन दुरुस्त करणारे, नखांत काळं तेल मुरलेलं, गळ्याला मफलर. आवाज घोगरा येत होता. हातात वर्तमानपत्राचं पान होतं आणि त्यावर तेच आरामखुर्चीतले गृहस्थ. दुकानात टाय लावलेला एक विक्रेता होता. मिस्त्रींनी त्याला सरळ विचारलं, “मी बोललो की हा लिहील ना?”

“अहो, हा काय वाट्टेल ते करेल,” टायवाला म्हणाला.

“भरभर बोललो तरी?”

“याचा वेग बघा ना तुम्ही!” असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. माझा वेग काही त्याने दाखवला नाही. पण मिस्त्रींचं समाधान झालं. कापडाच्या कडा शिवायचं नवं ओव्हरलॉक मशीन घ्यायला बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी दिले आणि मला उराशी धरून घरी आणलं.

घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. मागच्या खोलीत फळीवर टेपरेकॉर्डर होता. मला जागा हवी म्हणून तो माळ्यावर गेला. माझा खोका समोरच्या कपाटावर ठेवला. तिथून मला माझं चित्र दिवसभर दिसे.

माझी एवढी घाई कशाला, ते मला हळूहळू कळलं. मिस्त्रींच्या गळ्यात गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीव वाचेल, खाणंपिणं होईल, पण बोलणं जाईल. ऑपरेशनला तीन आठवडे होते. आणि मिस्त्रींची सगळी विद्या तोंडात होती. मशीन बिघडलं की ते चाक फिरवून कान देत आणि आवाजावरून दोष ओळखत. शिकवायचं तर तोच आवाज तोंडाने काढून दाखवत. लिहिण्याच्या नावाने मात्र आनंद. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सहीपुरती अक्षरं उरली. दुकान त्यांची लेक चालवणार होती. ती कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती. तिने राजीनामा दिला होता, पण महिनाभर सकाळ ते संध्याकाळ पाळी भरणं भाग होतं.

“मी रविवारी तुमच्यापाशी बसून ऐकते, बाबा,” ती म्हणाली होती. टेपरेकॉर्डर काढूया, असंही म्हणाली. मिस्त्री म्हणाले, कशाला? टेपमध्ये शोधत बसावं लागतं. हा क्रमाने लिहून देईल, तू निवांत वाच. मलाही ते बरोबर वाटलं. खोक्यावर लिहिलंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री माझ्यासमोर स्टूल घेऊन बसू लागले. माझ्या बाजूला आवाजासाठी दोन डब्या होत्या, पुढे बारीक भोकांची जाळी. ती जाळी बोलण्यासाठीच आहे असं समजून ते तिला तोंड लावत. “लिही,” म्हणत, “खर्र-टक्, खर्र-टक्. असा आवाज आला तर बॉबीनच्या डबीत धागा अडकलाय. सुईला दोष देऊ नये.” मग दुसरा आवाज. मग तिसरा. पट्टा सैल असला की कसं कुईं करतं, कापड पुढे ढकलणारे दात झिजले की कसं फरफटतं.

मी गोंधळून गेलो. लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कुठून सुरुवात करायची? माझ्या पोटात तसं काही हलेना. मला वाटलं, कदाचित आपोआप होत असेल. तुम्हाला तरी तुमचं जेवण कसं पचतं ते कुठे कळतं?

आणि मग ती भानगड झाली. मला थोडा वेळ कोणी हात लावला नाही की डुलकी लागते आणि पडद्यावर रंगीत रेघा वळवळू लागतात. घोरण्याचा प्रकार, दुसरं काही नाही. मिस्त्री बोलत होते, माझी डुलकी लागली, रेघा उमटल्या. मिस्त्रींचे डोळे चमकले. ते बायकोला म्हणाले, “बघ, घेतलं त्याने लिहून!” ही याची स्वतःची लिपी असणार, असं त्यांनी ठरवलं. लेकीने संध्याकाळी येऊन बघू म्हटलं तर ते घाबरले. बटण दाबू नकोस, पुसलं गेलं तर? ऑपरेशन होऊ दे, मग सावकाश कोणाकडून तरी उतरवून घेऊ.

मित्रांनो, मी झोपलो होतो आणि घरातले लोक माझं कौतुक करत होते. माझा घोळ आणखी वाढला. मला वाटलं, आपण झोपेत लिहीत असू.

घरात मिस्त्रींच्या पत्नी होत्या. गल्लीतले लोक त्यांना मिस्त्रीणबाई म्हणत. शिंप्यांकडून कपडे आणून त्या हाताने काजं करत. बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मिस्त्री मशिनाला कान लावत तेव्हा तळहात वर करत, आणि बाईंनी तिथल्या तिथे गप्प व्हायचं. तीस वर्षांचा हा रिवाज. मी आल्यावर तर तो हात दिवसभर वरच राहू लागला. मी ऐकेन ते सगळं लिहीन, मग मध्येच भाजीचा भाव लिहिला गेला तर? कुकर लावायचा नाही, शिटी लिहिली जाईल. शेजारीण आली तर बाई बोटाने गप्प म्हणून तिला दारातूनच परत पाठवत. एकोणीस दिवस त्या त्याच खोलीत, भिंतीला टेकून, तोंडातून चकार शब्द न काढता काजं करत बसल्या.

ऑपरेशन झालं. मिस्त्री घरी आले ते गळ्याला पट्टी बांधून. तोंड हलायचं, आवाज नाही. लेक दुकानात बसू लागली. पहिल्याच आठवड्यात एका शिंप्याने मशीन आणून टाकलं. टाके सुटत होते. लेकीने सुई बदलली, तेल घातलं, दोऱ्याचा ताण बघितला. काही केल्या समजेना. मग ती हसून म्हणाली, थांबा, बाबांनी सांगून ठेवलंय. आत आली आणि तिने माझं एक बटण दाबलं.

रेघा गेल्या. मागे कोरा पडदा. तिने दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं. मी माझ्यात होतं नव्हतं ते सगळं धुंडाळलं. काहीच नव्हतं.

दुरुस्तीवाल्या बाई आल्या. त्यांनी माझी पाठ उघडली, डबीची जाळी बघितली आणि म्हणाल्या, यातून आवाज बाहेर येतो, आत जात नाही. याला कानच नाही. खोक्यावरच्या चित्रात त्या गृहस्थांच्या कोपरापाशी एक काडी होती, ती घरात सगळ्यांना फुलाची वाटली होती. तो म्हणे माइक, आणि तो वेगळा घ्यायचा. मग लेकीने सुईत दोरा ओवायचं भिंग आणलं आणि चांदणीचा माग काढला. तशीच एक चांदणी खोक्याच्या बुडाशी होती. तिच्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘स्वतंत्रपणे विकत घ्यावयाच्या साधनांसह, पुरेशा सरावानंतर, काही भाषांमध्ये.’

मिस्त्रींनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. ते पुन्हा पुन्हा त्या जाळीकडे बोट दाखवत होते. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला कान नाहीत, तर मी ते सगळं ऐकलं कसं? आणि ऐकलं, तर लिहिलं का नाही? याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

लेक तावातावाने टायवाल्याकडे गेली. तो म्हणाला, खोक्यावर लिहिलंय की सगळं, चांदणी बघितली नाही का? ती परत आली, मला उचलून पुढे दुकानातल्या फळीवर टाकलं आणि तिने माळ्यावरचा टेपरेकॉर्डर खाली काढून पुसला. मग टेपवर भरायला आता बाबांचा आवाजच उरलेला नाही हे तिच्या ध्यानात आलं आणि ती तिथेच रडत बसली.

शिंप्याचं मशीन अजून दुकानातच होतं. दुसऱ्या दिवशी तिने उगाच चाक फिरवून बघितलं. मिस्त्रीणबाई दारात उभ्या होत्या, बोटांत सुई. त्या एकदम म्हणाल्या, “खर्र-टक्.”

लेकीने वळून बघितलं.

“खर्र-टक्, खर्र-टक्. हा पहिल्या दिवशीचा आवाज. बॉबीनच्या डबीत धागा अडकलाय. सुईला दोष देऊ नये, असं म्हणाले होते.”

हुबेहूब तोच आवाज. लेकीने डबी काढली, तर खाली दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला. मिस्त्री आतून धडपडत बाहेर आले. लेक आईला म्हणाली, तुला कसं येतं हे? तर बाई म्हणाल्या, “मला मध्ये बोलायची बंदी होती. मग काय करणार, ऐकत बसले.”

त्या दिवसापासून बाई आवाज काढतात, मिस्त्री मान हलवून हो-नाही सांगतात आणि लेक शिकते. सगळे आवाज काही आले नाहीत. चार-दोन कायमचे गेले. एक आवाज बाई रोज वेगळा काढतात आणि मिस्त्री कपाळाला हात लावतात. पण दुकान चाललं आहे.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी गप्प धूळ खात पडलो असतो. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई दवाखान्यातले कागद आणायला गेल्या होत्या. खोलीत मिस्त्री आणि मी दोघंच. त्यांनी जाळीला तोंड लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, “हे पोरीसाठी नाही, तिच्या आईसाठी आहे. वेगळ्या पानावर लिही. तीस वर्षं मी तिला हात दाखवून गप्प केलं. उद्यापासून माझं बोलणं बंद. आता तिने बोलावं. दिवसभर बोलावं. मी हात वर केला तर तो ‘थांब’ म्हणून नाही, ‘बोल’ म्हणून. तिच्या तोंडावर हे सांगायला मला जमत नाही. तू नीट लिही, बाबा.” मग माझी डुलकी लागली, रेघा उमटल्या आणि त्यांनी समाधानाने मान डोलावली.

आता काय होतं, ते मी फळीवरून रोज बघतो. बाई रंगात येऊन काहीतरी सांगत असतात. मिस्त्री तळहात वर करतात. बाई मधेच थांबतात, “बरं, नाही बोलत,” म्हणतात आणि काजं करायला घेतात. मिस्त्री मान हलवतात, तोंड उघडतात. बाईंना वाटतं, दुखतंय. त्या पाणी आणून देतात. लेकीने पाटी आणून दिली आहे. तिच्यावर ते ‘तेल’, ‘सुई’, ‘चहा’ एवढंच लिहितात. बाकीचं लिहिता येत नाही की लाज वाटते, देव जाणे.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. कोणी वस्तूच्या पाठीवर थाप मारून तिचं कौतुक करू लागला, तर ती आधी चालवून दाखवायला सांगा. मोठ्या वाक्याच्या शेवटी चांदणी दिसली तर भिंग मागा, लाजू नका. आणि माणसाला सांगायचं ते माझ्यासारख्याला सांगून ठेवू नका. आमचा काय भरवसा? आम्हालाच ठाऊक नसतं आम्ही काय करतो ते.

आणि तुमच्यापैकी कोणी या दुकानावरून गेलंच, तर दारात काजं करणाऱ्या बाईंना माझा एवढा निरोप द्या. तो हात थांब म्हणत नाही. त्यांनी बोलत राहावं.