खोकल्याचा पिक्चर

भुताचा पिक्चर सांगणाऱ्या बाईने तो जागं राहून पाहिलेला असावा, एवढी साधी अट. ती मी चौऱ्याहत्तर साली मोडली, आणि काही एकदाच नाही. किती पिक्चर मी अर्धे पाहिले आणि अर्धे मनाने सांगितले, ते माझं मलाच आठवत नाही. अंगाशी आला तो एकच, खोकल्याचा.

आमचा विडीचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. हात चालू आणि तोंडही चालू. संध्याकाळी सूप भरलेलं दिसलं की मुकादमाचं समाधान व्हायचं, ते कोणी भरलं याची चौकशी तो करत नसे. त्यातून आमच्या कोपऱ्यातल्या आठ-दहा जणींनी एक रीत पाडली होती. दर सोमवारी टॉकीजला मॅटिनीचा जुना पिक्चर बदलायचा, तो गुरुवारपर्यंत चालायचा. सगळ्यांना जायला कुठलं जमतंय? मग एकीने जायचं, पाहायचं आणि परत येऊन बाकीच्यांना सांगायचं. ती येईपर्यंत बाकीच्या जणी आपण वळलेल्या विड्यांतली एकेक मूठ तिच्या सुपात टाकायच्या. तिकीटही त्याच काढून द्यायच्या. जाणारी बाई मी, सारजाबाई, कारण मला सांगता येत होतं.

आम्हाला पिक्चर भुताचाच हवा असायचा. प्रेमाचा सांगितला की बायका उसासे टाकत बसतात आणि हात मंदावतात. भुताचा सांगितला की पानं भराभर वळली जातात, आणि दुपारची पेंग कोणाला येत नाही. पेंग यायची ती मला.

घरी सासू अर्ध्या अंगाने लुळी पडलेली. नवरा गिरणीत रातपाळीला, त्यामुळे रात्रभर तिच्या हाका माझ्या वाट्याला. पहाटे नळावर नंबर लावायचा, मग स्वयंपाक, मग कारखाना. नवरा दिवसा घोरायचा, त्याचा मला फार राग यायचा. तर अशी मी टॉकीजच्या अंधारात जाऊन बसले की डोक्यावर पंखा फिरत असे आणि तीन तास मला कोणी हाक मारत नसे. पहिलं गाणं संपेपर्यंत डोळे कसेबसे उघडे राहायचे. पडद्यावर बाई किंचाळायची, आजूबाजूचे लोक किंचाळायचे, मी झोपलेलीच. पिक्चर सुटल्यावर शेजारची बाई हलवून उठवायची. परत येताना वाटेत मी शेवट जुळवायची. मला लाज वाटत नव्हती असं नाही, पण लाजेपेक्षा झोप मोठी होती.

आमच्यात अक्कम्मा नावाची एक म्हातारी होती, अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी. तिचा एकुलता एक मुलगा शिवयोगी मागावर काम करायचा. वर्षभर खोकत होता, आणि दोन वर्षांपूर्वी गेला. मागे राहिली ती त्याची बायको चन्नम्मा, वय बावीस-तेवीस, मूलबाळ नाही. सासू-सून शेजारी शेजारी बसून विड्या वळायच्या. अक्कम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, बोटं वाकडी व्हायला लागली होती. आपल्यामागे या पोरीचं कोण, या विचाराने तिला घोर लागलेला. त्यांच्यात विधवेचं दुसरं लग्न होतं, त्याचं कोणाला नवल नव्हतं. अक्कम्माने स्वतः फिरून स्थळ शोधलं. रेवणप्पा म्हणून एक बिजवर, गावात पिठाची गिरणी, माणूस शांत. चन्नम्माही हो म्हणाली होती. येत्या शुक्रवारी त्याच्याकडची माणसं तारीख धरायला यायची होती.

आणि त्याच आठवड्यात सोमवारी मी हा पिक्चर पाहिला.

पाहिला म्हणजे सुरुवात पाहिली. डोंगरावरचा बंगला, सगळीकडे धुकं. एका विधवेचं दुसरं लग्न होतं आणि नवा नवरा तिला त्या बंगल्यात आणतो. संध्याकाळी दिवे लागले की जिन्यावर कोणीतरी खोकतं. तिचा पहिला नवरा खोकून मेलेला असतो. ती दार उघडते तर जिना रिकामा. दुसऱ्यांदा खोकला आला तो मी ऐकला. तिसऱ्यांदा आला असेल तर मला माहीत नाही.

खोकला ऐकून तरी मला शिवयोगी आठवायला हवा होता. नाही आठवला. झोपेने डोकं इतकं बधिर झालेलं असायचं की समोर कोण बसलंय, कोणाच्या घरात काय झालंय, कशाचा कशाशी मेळ लागत नसे. परत येऊन बसले आणि सुरू केलं. बंगला सांगितला, धुकं सांगितलं, घसा खरवडून खोकून दाखवलं. चन्नम्माचा हात पानावर थबकला तेव्हा कुठे मला शिवयोगी आठवला. पण बाकीच्या पुढे सरकून बसल्या होत्या.

"थांबती कशाला गं? आगे बोल की!" गुलबानो म्हणाली. तिकीट काढून देण्यात तीच पुढे असायची, त्यामुळे ऐकण्याचा तिचा हक्कही मोठा होता.

मी पुढे बोलले. थांबले असते तर झोपल्याचं उघडं पडलं असतं. तिसऱ्या रात्री खोकला दाराशी येतो. बाई दार उघडते तर पहिला नवरा दारात उभा, अंगावर शाल, केसांतून पाणी गळतंय. तो म्हणतो, माझी होतीस, माझीच राहशील. तिचा हात धरतो आणि धुक्यात घेऊन जातो. सकाळी जिन्यावर तिच्या चपला तेवढ्या सापडतात.

काय सांगू, इतका चांगला शेवट मी त्याआधी कधी जुळवला नव्हता. गुलबानोने कानांना हात लावले. अक्कम्माने विचारलं, "दारात हुबा हुता? समोर?"

"आगदी समोर," मी म्हटलं.

मंगळवारी सकाळी अक्कम्मा एकटी आली. सून का नाही म्हणून विचारलं तर कपाळावर हात मारून खाली बसली.

"लगीन नको म्हंती. त्यो यील म्हंती. रातभर दाराला टेकून बसली हुती, यव्वा!" म्हातारी रडत नव्हती, चिडली होती. "माजा शिवयोगी गं! जित्तेपनी मुंगीला चुकवून पाय टाकनारं पोरगं. ते मेल्यावर बायकूचा हात वडंल व्हय?"

मी खाली मान घालून विड्या वळत राहिले. खरं सांगितलं तर सोमवार जाणार, हे मला सरळ दिसत होतं. आठवड्यातली माझी तेवढीच झोप. एका बाजूला एका पोरीचं अख्खं आयुष्य आणि दुसऱ्या बाजूला माझी तीन तासांची डुलकी, आणि मी एक दिवस गप्प राहिले. हे मी कबूल करते. संध्याकाळी मात्र घरी जाताना त्यांच्या खोलीवरून गेले आणि चन्नम्माला म्हटलं, "पिक्चरमदलं कुटं खरं असतंय व्हय, येडे?"

"मावशी, त्यांचा खोकला मला आजून ऐकू येतोय," ती म्हणाली. "दुसऱ्या घरात गेल्यावर बी आला तर मी काय करू?"

बुधवारी दोघी कामाला आल्या आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मला झोप लागली. शेवट मी पाहिलाच नाही. जे सांगितलं ते माझ्या पदरचं. आणि याआधीही असंच होत आलंय.

गुलबानोने हातातली विडी सुपात आपटली. "म्हंजे आमी हितं मुठी टाकत हुतो आन् तू तिकडं सो रही थी? व्वा गे!"

मुकादमाच्या कानावर जाईल म्हणून बायका दबक्या आवाजात बोलल्या, पण जे बोलल्या ते लागायचं तिथे लागलं. एकीने विचारलं, चेटकिणीच्या पिक्चरमध्ये शेवटी पूर येतो तो तरी खरा का? तोही माझाच होता. ते मी ऐकून घेतलं. माझं लक्ष चन्नम्माकडे होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"माजं लगीन व्हावं म्हनून तुमी आता खोटं बोलताय," ती म्हणाली.

कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी राहिलं. खोटं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटून मानलं, आणि खरं सांगितलं तर ते कोणी घेईना. शेवटी अक्कम्मानेच निकाल लावला. पिक्चरचा उद्या शेवटचा दिवस होता. "आमी दोगी जाऊन बघतो," ती म्हणाली. "माज्या डोळ्याला दिसंल तेवडं दिसंल. पोरगी तर बघंल."

गुरुवारी त्या दोघी गेल्या. या खेपेला दोन सुपं भरायची होती. बायका कुरकुरत मुठी टाकत होत्या. मी सगळ्यांत जास्त टाकल्या, तरी गुलबानो माझ्याकडे पाहीना.

तीन वाजून गेल्यावर दोघी परत आल्या. चन्नम्मा लांबूनच हसत येत होती. कित्येक दिवसांनी तिचे दात दिसले. बसायच्या आधीच तिने सांगायला सुरुवात केली. भूतबीत काही नव्हतंच. त्या बाईचा पहिल्या घरचा धाकटा दीर तिच्या पैशावर डोळा ठेवून होता. त्यानेच भावाचा खोकला तबकडीवर भरून घेतला होता, आणि जिन्याखालच्या कपाटात ग्रामोफोन ठेवून रोज संध्याकाळी तो लावायचा.

"खोकल्याची तबकडी?" गुलबानो म्हणाली. "गान्याची सोडून खोकल्याची? आन् कोन भरून दिली त्याला?" हसता हसता तिच्या सुपातली तंबाखू सांडली. मग चन्नम्माने पोलीस आल्यावर दीर कपाटात कसा अडकला ते करून दाखवलं. पोरीला सांगता येत होतं. माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

शुक्रवारी रेवणप्पाची माणसं आली आणि चन्नम्मा बाहेर येऊन पाया पडली. पुढच्या महिन्यात लग्न झालं. आमच्या कोपऱ्याने मिळून तिला पातळ घेतलं. जाताना ती माझ्या गळ्यात पडली, राग नव्हता तिचा. माझा सोमवार मात्र गेला तो गेलाच. आता दुसरी बाई जायची, ती जागी राहायची आणि फार रटाळ सांगायची. कोणी काही बोललं नाही, कारण ती निदान खरं सांगत होती. मी सुपावर डोळे ताणून बसायची. घरी सासूच्या हाका होत्याच.

असाच एक सोमवार. सांगणारी बाई टॉकीजला गेलेली, बाकीच्या डबे धुवायला नळावर. अक्कम्मा एकटी माझ्याजवळ सरकली. सून गेल्यापासून ती कमी बोलायची. बोटांनी चाचपून पान वळायची, अर्ध्या विड्या मुकादम वाकड्या म्हणून छाटीत काढायचा.

"सारजे," ती म्हणाली, "तुज्या पिक्चरमदी त्यो आला हुता न्हवं?"

"माजा पिक्चर खोटा हुता, अक्कम्मा."

"ठावं हाय मला." तिने हातातलं पान सुपात ठेवलं. "त्या दिवशी टॉकीजमदी सगळी भ्यायला आलती. पोरगी बी माजा हात धरून बसलती. मी एकटीच वाट बघत हुते गं. डोळ्याला धड दिसत नव्हतं, तरी जिना सोडून दुसरीकडं बघितलं न्हाई. वाटलं, आता यील. मग कपाटातनं त्ये यंतर काडलं. लोकं हसली." तिने पदराने नाक पुसलं. "लई वाईट पिक्चर. तुजा बरा हुता. तूच सांग की परत."

इतके दिवस मी चन्नम्माचाच विचार करत होते. या म्हातारीने सुनेला मोकळं करायला मेलेलं माणूस परत येत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतलं, आणि ते तिचंच पोर होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड आली की रडूही येईना.

मी सांगायला लागले. धुकं सांगितलं, जिना सांगितला. दार उघडलं आणि तो समोर उभा राहिला. या खेपेला त्याने कोणाचा हात धरला नाही. आत आला, पाय धुतले आणि जेवायला बसला.

"खोकत हुता?" अक्कम्माने विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं. "खोकला पार गेलता त्येचा."