मी, नोरीनच्या शोधनिबंधांची यादी

मी एक यादी आहे. कॅनडातल्या सेंट जॉन्स शहरातल्या डॉक्टर नोरीन पडिस्टर यांनी संसर्गजन्य रोगांवर लिहिलेल्या शोधनिबंधांची. नोकरी, बढती, संशोधनाचा निधी, कशासाठीही अर्ज करायचा म्हटलं की मला पुढे व्हावं लागतं. नोरीनचा चेहरा लोक नंतर पाहतात.

जन्मले तेव्हा मी एका ओळीची होते. नोरीन तेव्हा शिकत होती, आणि लेखकांच्या रांगेत तिचं नाव पार मागे होतं. तरी तिने मला छापून आईला दाखवलं. आई मासे साफ करत होती. ओले हात लांब धरून तिने मला वाचलं आणि म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही बाई. पण आडनाव बरोबर लिहिलंय."

पुढे मला वाढायची हावच सुटली. विभागप्रमुख डॉक्टर व्हिफन मला हातात घेत, तेव्हा आधी पानं उलटून लांबी बघत. त्यांची सवय मलाही लागली.

मग क्षयरोगाचं काम आलं. दूर उत्तरेला, लॅब्राडोरच्या थंडगार किनाऱ्यावर, इन्युइट आदिवासींच्या एका लहानशा गावात तरुण मुलं आजारी पडत होती. एक दगावलाही. नोरीन तिथे जात-येत राहिली. चर्चमधल्या गायकवृंदाच्या प्रमुख हुल्डा जारारूस तिला घरोघरी घेऊन फिरल्या. दगावलेला मुलगा त्यांचाच भाचा. त्यांची अट एकच होती.

"आमच्या छातीत काय सापडलं ते आधी आम्हाला सांगायचं, पोरी. पेपरात वाचायची वेळ आणू नकोस."

निष्कर्ष हाती आला आणि नोरीनचा चेहरा उतरला. रोग पसरला होता तो गाण्याच्या तालमीत.

"लेख लगेच पाठव," व्हिफन म्हणाले. "दुसरा एक गट याच विषयावर लिहितोय. त्यांचा आधी आला तर बढती विसर."

"मी शब्द दिलाय."

"अगं, मग नंतर पाळ की! गाव काय पळून चाललंय?"

"बातमी पळते, सर. ती त्यांना माझ्या तोंडून कळायला हवी."

मी मनातून व्हिफन यांच्या बाजूची होते. नोरीन लेख न पाठवताच गावाकडे निघाली. वाटेत धुक्यामुळे विमान अडकलं, तेव्हा मी तिच्या बॅगेत चरफडत पडले होते. ती मात्र बाकावर बसून गावासमोर काय बोलायचं ते पुन्हा पुन्हा घोकत होती.

गावाच्या हॉलमध्ये तिने सगळं सांगितलं. हुल्डा ताडकन उठल्या.

"म्हणजे आमच्या गाण्याने माझा भाचा गेला?"

"गाण्याने नाही, हुल्डाबाई. थंडीमुळे खिडक्या बंद असतात. हवा आतल्या आत राहिली."

कोणीतरी दार आपटून निघून गेलं. हुल्डा मान खाली घालून पुन्हा बसल्या. मग म्हणाल्या, "मान खाली घालून भाचा परत यायचा नाही. उद्या सगळ्यांनी तपासणीला यायचं. पहिली सुई मला टोचा."

"येतो बाई," मागून एक म्हातारा ओरडला. "नाही आलो तर सगळ्यांदेखत एकट्याला गायला लावशील!"

आजवर दार न उघडणारेही आले. कित्येकांना वेळेत औषध सुरू झालं.

तोवर त्या दुसऱ्या गटाचा लेख छापून आला होता. नोरीनचा लेख मोठ्या नियतकालिकाने परत केला. यात नवीन काही नाही, म्हणे. अखेर एका लहानशा नियतकालिकाने तो घेतला. लेखक दोन: नोरीन पडिस्टर आणि हुल्डा जारारूस.

बढतीच्या मुलाखतीत एका प्राध्यापकांचं बोट त्या ओळीवर थांबलं. "या कोण? यांची पदवी दिसत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोरीन शांतपणे म्हणाली, "त्या गाणं शिकवतात. त्यांच्याशिवाय एकही माणूस तपासणीला आला नसता, आणि मला लिहायला काही उरलं नसतं."

बढती मिळाली नाही. पण माझी लाज त्या दिवशी गेली. या ओळीच्या मागे चालती-बोलती माणसं होती.

यंदा नोरीन पुन्हा अर्ज करतेय. "ती ओळ निदान शेवटच्या पानावर ढकल," व्हिफन म्हणाले. तिने मला हातही लावला नाही. परवा हुल्डांचा फोन आला होता. गायकवृंद आता खिडक्या उघड्या टाकून, अंगात जाड कोट चढवून गातो. थंडीने सूर हलतात, पण खोकत कोणी नाही.

मी निघते आता. समितीतल्या मंडळींनो, पानं मोजायची तर खुशाल मोजा. पण त्या नावापाशी आलात की विचारा, या कोण. नोरीनला ते सांगायला फार आवडतं.