एका हुकाला दोन खुणा

त्यानं उजवा हात आभाळाकडे उचलला, तर्जनी उभी केली आणि मनगटातून संथ गिरकी दिली. वर, पाखरांच्या वाटेवर टांगलेल्या क्रेनच्या केबिनमधून एक छोटा भोंगा वाजला. म्हणजे, समजलं. सळयांची मोळी जमिनीवरून अलगद सुटली, झोपेतलं लेकरू उचलावं तशी.

सहा वर्षं त्याचे हात असे बोलत होते. खाली तो, वर क्रेन चालवणारे काका. काकांना तिथून त्याचा चेहरा दिसत नसे, फक्त काट्यांसारखे फिरणारे नारिंगी हातमोजे दिसत. म्हणून ते त्याला घड्याळ म्हणत, आणि तेच नाव साऱ्या कामावर चिकटलं होतं.

मागच्या आठवड्यात घड्याळाचा जोडीदार त्याला घ्यायला फाटकाशी आला. दोघं हातात हात घालून गेले, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून सळया बांधणाऱ्या फिटरच्या मनगटाला जणू हाडच उरलं नाही. घड्याळ दिसला, की तो हात लोंबवायचा, बोटं झुलवायचा आणि विचारायचा, "काय वहिनी, जेवलात का?"

आज सकाळी मुकादमानं घड्याळाला बाजूला घेतलं होतं.

"सोमवारपासून गोदामात बस. सावलीचं काम आहे. उगाच कटकट नको."

"चूक त्याची आणि बदली माझी? गोदामात माझे हात कुणाशी बोलणार, मुकादम? मी लेखी तक्रार देतो."

"दुपारी बघू," मुकादम स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला होता.

मोळी दोन पुरुष उंच गेली आणि घड्याळाच्या पाठीमागे खसखस पिकली. त्यानं मान वळवली नाही. पण हूक जागीच थांबला. लांबलचक भोंगा झाला. धोका! घड्याळानं तळहात खाली करून मोळी हळूहळू जमिनीला टेकवली.

मग शिडी वाजू लागली. काका जेवायलासुद्धा खाली उतरत नसत. बसलेले उठून उभे राहिले.

"मोळी वर जात असताना खाली सोड, असं कोण म्हणालं?" काकांनी विचारलं.

त्यांनी एकेकाकडे पाहिलं.

"घड्याळाचा हात म्हणतोय वर ने. त्याच्यामागे दुसरा हात बोटं लोंबवून हलतोय. ती खाली सोडायची खूण. मी त्याचं ऐकलं असतं तर मोळी कुणाच्या डोक्यात बसली असती?" काका फिटरसमोर थांबले.

"काका, ती खूण नव्हती. गंमत होती."

"कसली गंमत? नीट सांग. क्रेनच्या वहीत लिहायचीय."

फिटरनं तोंड उघडलं. मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाला नेमकं तेव्हाच हातातल्या नकाशात काहीतरी सापडलं.

"म्हणजे... त्याला... आपलं असंच."

"'आपलं असंच' लिहू?"

कुणीतरी हसलं. या खेपेला हसू फिटरच्या वाट्याला आलं.

"मी सांगतो, काका," घड्याळ पुढे झाला. "लिहा. माझा जोडीदार पुरुष आहे, म्हणून हा आठ दिवस मला चिडवतोय. आज हुकाखाली चिडवलं. माझी तक्रार याच पानावर घ्या."

काकांनी शब्दन् शब्द लिहिला आणि वही मुकादमापुढे धरली.

"सही."

"पण काका, गोदामाचं मी याला..."

"गोदामात जागा आहे ना? मग फिटरला बसव. हुकाखाली त्याचा हात आवरत नाही."

मुकादमानं पेन शोधायला तीन खिसे चाचपले. पेन कानावरच होतं. सही झाली.

संध्याकाळी घड्याळ फाटकाबाहेर आला. आठवडाभर तो जोडीदाराला पलीकडच्या वळणावर थांबायला सांगत होता. आजही जोडीदार तिथेच, झाडाआड उभा होता. घड्याळानं हात पूर्ण उंचावला आणि नारिंगी हातमोज्यातला पंजा भर रस्त्यात आपल्याकडे ओढला. इकडे ये.

वरून एक छोटा भोंगा वाजला.

रस्ता ओलांडता ओलांडता जोडीदार दचकला. "काय झालं रे?"

"काही नाही," घड्याळ म्हणाला. त्यानं हातमोजा काढून खिशात घातला आणि मोकळा हात पुढे केला. "खूण समजली म्हणतायत काका."